पॅनेलच्या दारामागचा अंगठा

माझ्या सहीने तुम्ही एका माणसाला उचललंत. सही माझी, हात माझा, हे कबूल. पण कागद तुमचा होता, त्यावरची भाषा तुमची होती, आणि माझ्यापुढे पेन सरकवणारी ती स्वच्छ नखांची बोटं तुमची होती. तुमचं नाव मला ठाऊक नाही. तुमच्या देशात नाव फक्त खालच्या माणसांच्या छातीवर टाचलेलं असतं, तुमच्यासारख्यांची छाती कोरी. म्हणून नुसतं साहेब म्हणतो. ऐका.

मी लिफ्टचा मिस्त्री. एकतीस वर्षं लोकांना वर-खाली नेणारी यंत्रं नीट ठेवली आणि स्वतः जन्मभर तळमजल्यावर राहिलो. जावयाने हौसेने आम्हा दोघांना सहलीला पाठवायचं ठरवलं. कुठे जायचं ते मी निवडलं. माहितीपत्रकात तुमच्या हॉटेलचा फोटो होता आणि फोटोच्या कोपऱ्यात जाळीच्या दाराची लिफ्ट. हाताने ओढून बंद करायचं दार, आत पितळी मूठ, चालवायला माणूस. असल्याच लिफ्टवर मी काम शिकलो. आमच्याकडची शेवटची भंगारात गेली त्याला वीस वर्षं झाली.

"लोक समुद्र बघायला जातात, डोंगर बघायला जातात," बायको म्हणाली. "आमचं माणूस लिफ्ट बघायला परदेशात निघालंय."

"अगं, तो देश कुणी बघितलेलाच नाही."

"मग त्याला काहीतरी कारण असेल ना?"

तिचं बरोबर होतं. तिचं बरोबरच असतं, मला ते उशिरा कळतं.

तुमच्या राष्ट्रीय दिनाची चार दिवस सुट्टी. वर्षातून तेवढेच दिवस तुम्ही दार किलकिलं करता. आम्ही सतरा जण त्या फटीतून आत आलो. पुढे गाईडबाई, पिवळी छत्री उंच धरून. ऊन नाही, पाऊस नाही, पण छत्री वर. आम्ही तिला छत्रीवाली म्हणायला लागलो. आमची भाषा ती पुस्तकातून शिकलेली, त्यामुळे रोज सकाळी "आपण सर्व कुशल आहात ना?" असं विचारायची. आमच्यातले निवृत्त हेडमास्तर त्यावर फिदा. "आमच्या शाळेत एका पोराला असं बोलता आलं नाही हो," म्हणायचे. आणि सगळ्यांच्या मागे एक माणूस, तोंडातून शब्द न काढणारा. तो नुसता आम्हाला मोजायचा. बसमध्ये चढताना, उतरताना, जेवायला बसल्यावर. तो मोजणीदार.

पहिल्याच दिवशी छत्रीवालीने बसमध्ये तीन नियम सांगितले. गट सोडायचा नाही. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. आणि मागे काहीही लिहिलेलं ठेवायचं नाही. चिठ्ठी नाही, भिंतीवर नाव नाही, काचेवरच्या वाफेत बोटाने रेघसुद्धा नाही.

"मिस्त्री, ऐकलंत का?" हेडमास्तर म्हणाले. "भिंतीवर बदाम काढायचा नाही."

सगळी बस हसली. छत्रीवाली हसली नाही. मी ऐकलं होतं, साहेब. नियम माहीत नव्हता असं मी म्हणणार नाही.

आता त्या माणसाबद्दल. तुमच्या हॉटेलचा लिफ्टवाला. पन्नाशीचा, अंगाने किरकोळ, कान मोठे. स्टुलावर बसून मूठ फिरवायचा आणि गाडी मजल्याला अशी लावायचा की हातातल्या भरल्या पेल्यातलं पाणी हलू नये. त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती. मला तुमची लिपी वाचता येत नाही, पण दिवसातून आठ वेळा ती पट्टी माझ्या नाकासमोर असायची. पहिलं अक्षर दुमडलेल्या शिडीसारखं, मधलं हुकासारखं, शेवटचं म्हणजे एक गोल आणि त्याला दोन टिंबं. मी त्याला मनातल्या मनात शिडीदादा म्हणायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला माझे तळहात दाखवले. ग्रीसच्या काळ्या रेघा कधीच निघत नाहीत, निवृत्त झालो तरी. त्याने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःचे तळहात पुढे केले. त्याच रेघा. मोजणीदार बघत होता म्हणून त्याने हात लगेच खाली घेतले.

छत्रीवालीला विचारलं, किती वर्षं इथे? ती म्हणाली, "हे अकरा वर्षे सेवेत आहेत. त्यांनी एकही सुट्टी घेतलेली नाही." तिने ते अभिमानाने सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा, साहेब.

तिसऱ्या दिवशी राष्ट्रीय दिन. सकाळी आठला शिडीदादाला दरवाजावर झेंडे बांधायला लावलं होतं, आणि त्याच्या जागी नवी टोपी घालून खुद्द मोजणीदाराने मूठ हातात घेतली. माझी बायको आणि हेडमास्तर त्या लिफ्टमध्ये चढले. मी बूट बदलायला मागे राहिलो होतो. बायकोने नंतर सांगितलं, मोजणीदाराने मूठ वर ओढली, घाबरून खाली ओढली, परत वर. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये फट्‌कन थांबली. यंत्र त्याने बिघडवलं. हे तुमच्या कागदात आहे का?

शिडीदादा जिन्याने धावत वर आला. चेहरा चुन्यासारखा. अडकलेली गाडी हाताने उतरवायची तर दोन माणसं लागतात, एक ब्रेक उचलून धरायला आणि एक चाक फिरवायला. त्याने जिन्यात वर-खाली बघितलं. हॉटेलातले सगळे राष्ट्रीय दिनाच्या समारंभाला मैदानावर गेले होते. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

मी बाह्या सरसावल्या.

"आपण गट सोडू शकत नाही," छत्रीवाली आडवी आली.

"बाई, गट लिफ्टमध्ये आहे."

"आठ चाळीसला बस आहे. मैदानात आपल्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर..." तीन दिवसांत पहिल्यांदा तिने छत्री मिटली. "वीस मिनिटे. मी काहीही पाहिलेले नाही."

खालून लिफ्टच्या भोकातून बायकोचा आवाज आला. "अहो! इथेही लागलात का कामाला? घरातला पंखा सहा महिने कुरकुरतोय!"

"आधी तुला काढतो, मग पंखा!"

"अहो मिस्त्री, जरा हळू," हेडमास्तर ओरडले. "इथे हे टोपीवाले साहेब घामाने भिजलेत. आम्हाला तीनदा मोजून झालंय."

मशीनरूम गच्चीवर. शिडीदादाने ब्रेकचा दांडा उचलला, मी चाक धरलं. भाषा नाही. त्याने एकदा चुटकी वाजवली की थांबायचं, दोनदा वाजवली की फिरवायचं. दहा मिनिटांत आम्ही असे जुळलो की चुटकीचीही गरज उरली नाही. गाडी चौथ्या मजल्याला लागली, खाली जाळी सरकल्याचा आवाज आला, आणि शिडीदादा भिंतीला टेकून खालीच बसला.

मग आम्ही कंट्रोलचं पॅनेल उघडलं. साहेब, तुम्ही ते कधी उघडून बघितलंय? आतला एकही भाग विकतचा नव्हता. वीज जोडणारे कॉन्टॅक्ट तांब्याच्या चमच्याचा दांडा ठोकून केलेले. स्प्रिंगा पेनातल्या. मधे जाडजूड चामडं, बुटाच्या जिभेचं. अकरा वर्षांत तुम्ही त्याला एक सुटा भाग दिला नव्हता, आणि त्यावर तो परदेशी पाहुण्यांना भरल्या पेल्यासारखं वर नेत होता. मी एकतीस वर्षांत इतकं देखणं काम पाहिलं नाही. एक कॉन्टॅक्ट जळाला होता. माझ्या किल्ल्यांना लहान कानस असते, तिने तो घासला, त्याने वाकवून बसवला. मूठ फिरवली. गाडी लोण्यासारखी गेली.

आता माझा गुन्हा.

आमच्या धंद्यात काम झालं की पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला तारीख आणि नाव लिहितात. कुणी शिकवत नाही, कुणी विचारत नाही. पुढच्या मिस्त्रीला कळावं की आधी हात कुणाचा लागला होता, आणि शिव्या द्यायच्या तर कुणाला. हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे जातो. त्याच्या पॅनेलचं दार मात्र कोरं होतं. अकरा वर्षांची दुरुस्ती आणि एक अक्षर नाही. मी तारीख लिहिली, खाली नाव लिहिलं. त्याने माझं मनगट धरलं. मी हसलो. मला वाटलं, लाजतोय. मी त्याचाच हात धरून दाराकडे ओढला, तूही, तूही. त्याने मान हलवली. मी सोडलं नाही. शेवटी त्याने ग्रीसमध्ये अंगठा बुडवला आणि माझ्या नावाशेजारी उमटवला. मग मागे सरकून तो त्या ठशाकडे बघत राहिला. बस खाली हॉर्न वाजवत होती तरी बघत राहिला.

त्याने आधी नको म्हटलं होतं, साहेब. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो.

मैदानावर आम्ही वेळेत पोचलो. टाळ्या वाजवल्या. मोजणीदाराने आम्हाला सतरा मोजलं, पुन्हा मोजलं, आणि माझ्या काळ्या बोटांकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. सकाळी सामान घेऊन लिफ्टपाशी आलो तर स्टुलावर दुसराच माणूस. त्याच्या पट्टीवर दुसरी अक्षरं. त्याने गाडी मजल्याच्या वीतभर खाली लावली. हेडमास्तर ठेचकाळले. "अहो, कालचे कुठे गेले?" त्यांनी विचारलं. छत्रीवाली छत्री उघडायला लागली, तिथे, आत, हॉटेलच्या दिवाणखान्यात. तिचे डोळे सुजले होते.

मग तुम्ही मला बोलावलंत. तळमजल्यावरची खोली, दोन खुर्च्या, तुम्हाला तिसरी मागवावी लागली नाही कारण छत्रीवालीला तुम्ही उभंच ठेवलं. टेबलावर पॅनेलच्या दाराचा फोटो. माझी तारीख, माझं नाव, त्याचा अंगठा. मोजणीदार खिडकीशी उभा.

"हे आपले हस्ताक्षर आहे काय?" छत्रीवालीने तुमचा प्रश्न सांगितला.

"माझंच. माझी सवय आहे. त्याचा काही संबंध नाही, त्याचा हात मी ओढला." हे मी म्हणालो. तिने तुम्हाला काहीतरी सांगितलं. माझं वाक्य एवढं मोठं, तिचं एवढंसं.

तुम्ही कागद पुढे केलात. चौदा ओळी. खाली सहीची जागा.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "आभार आहेत."

"कुणाचे?"

"आपण कृपया सही करावी. म्हणजे सर्वांना विमान मिळेल."

बाहेर बस सुरू होती. आमचे सतरा पासपोर्ट तुमच्या टेबलावर रबर लावून ठेवलेले. दाराच्या काचेतून बायको दिसत होती, पर्स छातीशी धरून, तोंडाने नुसतं "काय झालं, काय झालं" करत. मी कागद वाचू शकत नव्हतो, पण बघू शकत होतो. तिसऱ्या ओळीत शिडी, हूक, दोन टिंबांचा गोल. सातव्या ओळीत पुन्हा. तेराव्या ओळीत पुन्हा.

लोकांना मी सांगत आलो की विमानात बसल्यावर माझ्या लक्षात आलं. खोटं आहे. सही करायच्या आधी मला दिसलं होतं. मी स्वतःला म्हणालो, आभार त्याचेही असतील. आणि सही केली.

उठताना विचारलं, "तो कुठे आहे?" तुम्ही एकच शब्द बोललात आणि हसलात. छत्रीवालीने तो आमच्या भाषेत सांगितला. "सुट्टीवर."

विमानात बायकोने माझाही पट्टा लावून दिला. मग म्हणाली, "तुम्ही काय लिहून दिलंत त्यांना?"

"आभार."

"तुमचा चेहरा आभाराचा नाहीये."

घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, तीन ओळींसकट. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मी काचेबाहेर उभी होते म्हणून केलीत ना?" मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. तिच्या डोक्यावर ते ओझं टाकायचं नाही एवढं तरी मला कळायला हवं होतं. पंखा अजून कुरकुरतो. मी स्टूल घेतो, वर चढतो, उतरतो.

सहलवाल्या पोराकडे गेलो. "काका, सोडा ना. तुम्ही सुखरूप आलात ना? पुढच्या वर्षीची आमची परवानगी जाईल," म्हणाला. तुमच्या कचेरीला पाच पत्रं लिहिली. मी सातवी शिकलेला माणूस, एकेक पत्र चार-चार वेळा लिहिलं. एकाला उत्तर आलं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, सदर हॉटेलमध्ये लिफ्टचालक हे पद कधीही नव्हते. पद नव्हतं! मग ते चमच्याचे कॉन्टॅक्ट कुणी ठोकले? आम्हा सतरा जणांना तीन दिवस वर कोण नेत होतं?

म्हणून हे सहावं, आणि हे सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड्यावर लिहितोय. ते पॅनेलचं दार तुम्ही पुसलं असणार. ग्रीस पुसलं जातं. पण माझ्या सहीचा कागद तुमच्याकडे आहे, तो तुम्ही फाडणार नाही, कारण तो तुमच्या कामाचा आहे. त्या चौदा ओळी मला माझ्या भाषेत लिहून पाठवा. माझ्या तोंडी तुम्ही काय घातलंत ते मला वाचू द्या. ते खोटं असेल तर मी ते खोटं आहे असं लिहून देईन, नावासकट, तारखेसकट, आणि या वेळी अंगठा माझा असेल.

आणि दुसरं. तुमची राष्ट्रीय दिनाची सुट्टी चार दिवसांची होती. अकरा वर्षांत ज्याने एक दिवस रजा घेतली नाही, तो माणूस त्या सकाळपासून सुट्टीवर आहे असं तुम्ही माझ्या तोंडावर सांगितलंत. आज त्याला चौदा महिने झाले.

त्याची सुट्टी कधी संपते, साहेब?