डावीकडची जागा

“आक्का, जरा सरका की. दाराशी अजून एक सीट बसंल.”

“बसंल कशी? जागा हाय कुठं?”

चंद्रा रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं. मागच्या सीटवर उजवीकडे एक कोळीण टोपली मांडीवर घेऊन, मध्ये आक्का, आणि आक्काच्या डाव्या हाताला एक माणूस ऐसपैस बसेल एवढी मोकळी जागा. बाहेर उन्हात एक गडी ताटकळत उभा होता. पण चंद्रा पाच वर्षं हाच रस्ता घासत होता, त्याला सगळं ठाऊक होतं. “दुसरी घे रे दादा,” तो गड्याला म्हणाला, “आक्काचा मानूस बसलाय.” कोळीण फिस्सकन हसली. आक्काही हसली. चेष्टा तर चेष्टा. पण जागा काही तिनं दिली नाही. भर दुपारीसुद्धा तिथलं रेक्झिन गार असायचं, हे चंद्राला माहीत नव्हतं.

आक्काचं खरं नाव गुणाबाई. अंजूरच्या आगरी घरातली, साठी उलटलेली, नाकात मोठी नथ नाही की अंगावर सोन्याचा बाजार नाही. घरात-गावात सगळ्यांची आक्काच. पोटचा मुलगा भावेशसुद्धा आक्काच म्हणायचा; त्याची पोर तेवढी आजी म्हणायची. आता तुम्ही म्हणाल, म्हातारीचं डोकं फिरलंय. फिरलं नव्हतं हो! तिचा नवरा रामनाथ गेल्यापासून तिच्या डावीकडून कुणीतरी चालत होतं, एवढंच.

त्याचं असं झालं. खाडीलगतचं त्यांचं शेत दोन हजार चार साली भरावाखाली गेलं आणि तिथं भावेशचं गोडाऊन उभं राहिलं. शेताच्या बांधावर करंजाखाली शेंदूर फासलेला एक दगड होता, चेडोबा. शेताचा राखणदार. दर आवसेला बाराच्या उन्हात रामनाथ त्याच्यापुढे तांदळाची भाकर, भाजलेला बोंबील, पाण्याचा तांब्या आणि एक पेटती विडी ठेवायचा. मग शेजारी बसून स्वतःही एक ओढायचा आणि खोकायचा. घसा खरवडून काढणारा, शेवटी शीळ वाजणारा खोकला.

भराव पडला तेव्हा भावेश म्हणाला, “बाबा, देव गावदेवीच्या देवलात नेऊन ठेवला. तुमी घोर करू नका.” रामनाथ देवळात जाऊन आला. देव दिसला नाही. जत्रेला बसवणार, तोवर आत ठेवलाय, असं भावेशनं सांगितलं. पुढे तीन आवसा म्हातारा तांब्या घेऊन गोडाऊनच्या फाटकाबाहेर नुसता उभा राहिला. चौथ्या आवसेला अंथरुणातून उठलाच नाही. जाताना एकच बोलला, “गुणे, त्याला पानी कोन देतो गं?”

तेराव्यानंतर आक्का पहिल्यांदा बाहेर पडली तेव्हा डाव्या अंगाला विडीचा वास आला. मग तो खोकला. घाबरली म्हणता? छे! तिनं चाल हळू केली, म्हाताऱ्याला दम लागू नये म्हणून. तेव्हापासून तिचं हे सुरू झालं. ओट्यावर बसताना डावीकडे जागा सोडायची, रिक्षात सोडायची, तांदूळ निवडताना तिकडं तोंड करून घरातलं सगळं सांगायचं. चाळीस वर्षांच्या संसारात रामनाथनं तिचं जेवढं ऐकलं नव्हतं, तेवढं तो आता ऐकत होता. ती सुखात होती, खोटं कशाला बोलायचं?

दोन हजार आठच्या नोव्हेंबरात नात मृणाली तिला थायलंडला घेऊन गेली. मृणाली ठाण्याच्या एका टूर कंपनीत कामाला. जमिनी विकलेले बापाचे दोस्त तिकडे जाऊन काय दिवे लावून येतात ते गावाला ठाऊक होतं, म्हणून भावेश आधी तडकलाच. “पप्पा, ते नाही ओ,” मृणाली म्हणाली, “नान म्हणून प्रांत आहे, लांब डोंगरात. तिकडं कोणी जात नाही. जंगल, जुनी देवळं, मागावर कापड विणणारी गावं. मला बघून यायचंय, आणि सोबतीला एक माणूस चालतं.” एक माणूस! आक्का मनात म्हणाली, एक कुठलं, दोन.

विमानात मधली सीट तिची. डावीकडची रिकामीच निघाली.

तिथं डोंगर असे दाट, की सकाळी दहापर्यंत गावं धुक्यातून वर येत नसत. देवळाच्या भिंतींवर जुनी चित्रं होती: माणसं, होड्या, बाजार, कानात कुजबुजणारी जोडपी. मृणाली फोटो काढत सुटली. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर त्यांना डोंगराच्या पोटातल्या एका गावात घेऊन गेला. तिथं विहिरीतून मीठ निघायचं.

“डोंगरात मीठ? चल, कायतरीच!” आक्का म्हणाली. समुद्र तिथून कुठल्या कुठे. विहिरीतून काढलेल्या पाण्यात तिनं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तिचा आजा मिठागरात राबलेला. ही चव तिच्या ओळखीची होती, अंजूरच्या खाडीची.

दुपारचे बारा वाजले असतील. पान हलत नव्हतं, पाखरू बोलत नव्हतं. एका झोपडीत चुलाणावर लोखंडी कढई रटरटत होती आणि तिच्यापाशी आक्काच्याच वयाची एक म्हातारी मीठ ओढत होती. तिनं आक्काला खुणेनं बोलावून फळीवर बसवलं. आत जाऊन पाण्याचे दोन पेले आणले. एक आक्कापुढे ठेवला. मृणाली तर लांब विहिरीशी होती. म्हातारीनं दुसरा पेला दोन्ही हातांनी धरून आक्काच्या डावीकडे, मोकळ्या फळीवर ठेवला. तिकडं पाहून मान लववली. आणि तिथं टेकवलेली स्वतःची टोपली, अडचण नको म्हणून, बाजूला घेतली.

चार वर्षं आक्काला वाटत होतं, हा आपल्या एकटीलाच जाणवतो.

मृणाली घाम पुसत आली आणि तिनं सरळ त्या पेल्याला हात घातला. म्हातारीनं तिचं मनगट धरलं. रागानं नव्हे. आत जाऊन तिच्यासाठी तिसरा पेला आणला.

झोपडीमागे एका खांबावर बाहुलीच्या घराएवढं घर होतं. आत म्हातारा-म्हातारीचं मातीचं जोडपं, पुढे भात, सुका मासा, पाणी आणि जळती सिगारेट. आक्का बघतच राहिली. ड्रायव्हर मृणालीला इंग्रजीत सांगत होता, मृणाली आजीला. “जमिनीचा जो मालक असतो ना आजी, म्हणजे आपला राखणदार, त्याचं घर हे. ही आजी म्हणते, जमिनीवर आपण घर बांधायचं तर आधी त्याला द्यायचं. नाही दिलं तर तो बिचारा जाणार कुठं? घरातल्याच कुणाच्या तरी मागं मागं फिरत राहतो.”

म्हातारी आक्काच्या डावीकडे पाहत काहीतरी बोलली. ड्रायव्हरचं हसू एकदम मावळलं. तो सांगेनाच.

“काय बोलली ती?” आक्कानं विचारलं.

मृणालीनं दोनदा विचारून घेतलं. “आजी, मला नीट कळलं नाही. ती म्हणते, हे फार दमलेत. यांचं घर कुठंय?”

निघताना आक्कानं फळीवरचा तो डावीकडचा पेला पाहिला. तो रिकामा होता, आणि तळाशी मिठाचं पांढरं कडं धरलं होतं.

घरी आल्या आल्या तिनं भावेशला समोर बसवलं. “देव कुठं हाय?”

“आक्का, सांगितला ना, देवलात...”

“माज्या डोक्यावर हात ठेव नि बोल.”

भावेशनं हात उचलला आणि तसाच खाली घेतला. एवढा मोठा बाप्या, पण नजर वर करेना. “डंपर खोलंबले होते, आक्का. जेसीबीवाला दगडाला हात लावत नव्हता. मंग मीच... मीच लोटला भरावात. मधल्या खांबाजवल. तिथं लादीतनं मीठ फुटतं. तीनदा सिमेंट केला, तरी फुटतं. माल खराब होतो. मना काय कमी भ्या वाटतं?”

“आनि बाप तुजा फाटकात उभा राहायचा, तो दिसत नव्हता?”

भावेश रडायला लागला. आक्कानं त्याला रडू दिलं.

करायचं काय ते आता उघड होतं. तरी आक्कानं एक आवस मुद्दाम जाऊ दिली. कारण डावीकडे रामनाथ होता की चेडोबा होता, की म्हाताऱ्याच्या हट्टानं दोघं एक झाले होते, ते तिला कळत नव्हतं. पण एक कळत होतं. ज्याला घर मिळेल तो परत मागे येणार नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून तिनं विचारलं, “जाशील ना मंग?” नुसता खोकला आला, आणि तो थांबेचना. शीळ वाजतच राहिली, दिवेलागणीपर्यंत. आक्कानं पदरानं डोळे पुसले. “बरं बाबा,” ती म्हणाली, “चल, तुला पोचवते.”

पुढच्या आवसेला बाराच्या उन्हात ती गोडाऊनमध्ये गेली. नवशा वॉचमन, डोंगराकडच्या पाड्यावरचा वारली गडी, दाराशीच उभा होता. “आक्का, पायताण काढ,” तो म्हणाला. “आमी काढतो. तिथं चालत न्हाय.”

त्याला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं.

मधल्या खांबाजवळचा माल भावेशनं हलवला होता. गोडाऊनमध्ये जागा आखायला वापरतात त्याच पिवळ्या ऑइलपेंटनं त्यानं लादीवर स्वतः चौकोन काढला होता, गुडघ्यावर बसून. आत मीठ फुललेलं. भिंती नाहीत, छप्पर नाही, पण चार बाजू होत्या. आक्कानं आत भाकर ठेवली, बोंबील ठेवला, तांब्या ठेवला. भावेशनं विडी पेटवून भाकरीशेजारी ठेवली. तीन काड्या लागल्या त्याला. “बाबा, चुकलो,” एवढंच म्हणाला.

वारा नव्हता. पंखे बंद होते. विडीचं टोक लाल झालं, विझत आलं, पुन्हा लाल झालं, कुणी सावकाश झुरका घेत असावं तसं. हमालांनी गाड्या थांबवल्या. मग चौकोनातून एकदा खोकला आला. नवशानं डोक्यावरची टोपी काढली. आक्का वाट पाहत राहिली. दुसरा आला नाही.

“बस आता निवांत,” ती म्हणाली. “दर आवसंला येईन मी.”

फाटकापर्यंत ती सवयीनं हळूहळू चालली. मग लक्षात आलं, कुणासाठी हळू चालायचं? पण पाय काही भराभर पडेनात.

नाक्यावर चंद्राची रिक्षा उभी होती. उजवीकडे कुणीतरी बसलेलं. आक्का मध्ये बसली आणि डावीकडे जागा सोडली. चंद्रा काही न विचारता रिक्षा चालू करणार, तेवढ्यात गोडाऊनमधली एक पोर, गळ्यात कंपनीचं कार्ड, धावत आली. आत वाकून म्हणाली, “आजी, इथं कोणी बसलंय का?”

आक्कानं सीटवर हात ठेवला. रेक्झिन उन्हानं चांगलंच तापलं होतं.

“न्हाय गं,” ती म्हणाली. “बस.”