बावन्न बाण

घटना बावन्न होत्या. अपेक्षा एकतीसची, अनिश्चितता चारची. त्या सगळ्यांची चित्रं छापून मी परळच्या आमच्या खोलीत पलंगावर मांडली होती. प्रत्येक चित्रात एक वर्तुळ, म्हणजे शोधयंत्राचा आडवा छेद, आणि एक लाल बाण.

कोलायडरमध्ये प्रोटॉन आदळले की आडव्या दिशांतल्या संवेगांची बेरीज शून्य यावी लागते. नाही आली, तर काहीतरी न दिसता निसटलं. अशी प्रत्येक टक्कर म्हणजे एक घटना; बाण निसटलेल्याची दिशा दाखवतो. ते कृष्णद्रव्य असू शकतं. स्ट्रिंग विश्वशास्त्राचं एक प्रारूप म्हणतं, डायलॅटॉन नावाच्या क्षेत्राने ते सुरुवातीच्या विश्वातच विरळ केलं. तसं असेल तर एरवी हिशेबात न बसणारे त्याचे कणही शक्य ठरतात, आणि अशा घटना जास्त दिसायला हव्यात. आम्हाला दिसत होत्या. चार वाजता मी आणि माझी सहकारी, माझगावची फ्लॅविया, आमच्या संशोधन गटापुढे हे ऑनलाइन मांडणार होतो. आमच्या नावावरचा पहिला दावा.

रामदास आजोबांनी गिरणीच्या फोल्डिंग खात्यात अठ्ठावीस वर्षं कापड तपासलं. चष्मा पुसून ते पलंगावर वाकले.

"सगळे बाण वर कशे रे?"

"मीच फिरवले. बघायला सोपं जातं."

"कापड फिरवून तपासतत काय रे मेल्या? येता तसाच बघूचा."

मी चिडलो. पण न फिरवता पुन्हा छापली. आजोबांनी एकेक कागद त्याच कडा जुळवून खिडकीच्या काचेवर उजेडाकडे धरला आणि बाणाचं टोक जिथे येई तिथे काचेवर स्केचपेनने ठिपका दिला. तेवीस ठिपके तळहाताएवढ्या जागेत आले.

"भोक परत परत येकाच जाग्यार पडला, तर सुताचो दोष नाय. माग तपास."

मी फ्लॅवियाला फोन करून ती जागा सांगितली. पलीकडे कीबोर्ड बराच वेळ वाजत राहिला.

"अरे, शोधयंत्राचं तिथलं एक मोड्यूल बंद होतं रे. यादीत चालू दाखवलंय. ऊर्जा निसटली नाही, मोजलीच गेली नाही." मग म्हणाली, "गेला आपला शोध. पकडलं कोणी?"

"आजोबांनी."

"त्यांना गटात घे. तुला काढू."

सादरीकरणाच्या पहिल्या पानावर मी लिहिलं: तपासणी – रामदास परब, फोल्डिंग खातं. स्वतःचं नाव मी कधी इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलं नव्हतं. आजोबा इस्त्रीचा सदरा घालून माझ्या शेजारी कॅमेऱ्यासमोर बसले. मी गटाला आधी काचेचा फोटो दाखवला, मग शेवटचं पान.

तो भाग वगळून अपेक्षित घटना: २८.७ ± ३.८. नोंदलेल्या घटना: २९.