घरचं तेल

"आपले केस इथे ठेवायचे आणि कुत्र्याचे घरी घेऊन जायचे," निवृत्त हेडमास्तर पँट झटकत वर्तमानपत्राआड पुटपुटले.

मधल्या पडद्यामागे कढईत पळी फिरवणाऱ्या सलूनवालीला ते बरोबर ऐकू गेलं.

"चार आम्ही काढले, चार त्याने दिले. फिट्टंफाट झाली, हेडमास्तर," ती आतूनच म्हणाली.

हेडमास्तरांनी पान उलटलं. तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती.

कुत्र्याचं नाव साहेब. गिऱ्हाइकांच्या बाकावर तो असा पसरायचा की जणू दुकान त्याचंच आहे आणि बाकीचे अर्ज घेऊन आलेत. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या कानामागचे केस गेले, मग मानेवरचे. आता पाठ झिजलेल्या पायपुसण्यासारखी झाली होती, मधूनमधून गुलाबी कातडी दिसायची. केसांच्या दुकानात केस गेलेला कुत्रा. गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याच्याकडे बघायचं, मग आरशाखालच्या तेलाच्या बाटल्यांकडे, मग एकदम छताकडे.

मतं मात्र प्रत्येकाकडे होती. पाणी जड आलंय. हवा बदललीय. वय झालं. ती मनात म्हणे, काय एकेक अक्कल! पाणी जड असतं तर तुमचं डोकं आधी गेलं असतं, निदान बाहेरून.

सगळ्यांत जास्त राग तिला नवऱ्याचा यायचा. बाटल्यांतलं तेल तिचं. पाला तिने वाळवायचा, बिया तिने कुटायच्या, चार तास कढईपुढे घाम तिने गाळायचा. आणि हे बाहेर कात्री नाचवत सांगणार, "माझं खास तेल." अठरा वर्षांत पळी विसळली असेल तर शपथ. बरं, स्वतःचं डोकं तरी झाकावं! त्यावरून फडकं फिरवलं असतं तर दुकानाला दुसरा आरसा लागला नसता. यांच्या घराण्यातच दम नाही, असं तिचं ठाम मत. सासऱ्यांच्या फोटोत भरघोस केस होते, पण ते फोटोवाल्याने रंगवले असणार.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे दोघं साहेबाला घेऊन गेले होते.

"अंगाला काय लावता?" बाईंनी विचारलं.

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडे. "खास काही नाही," तो म्हणाला.

"असेल ते बंद करा. तेलबिल सगळं. साध्या पाण्याने अंघोळ आणि या गोळ्या. कातडी फुटली तर जखमा चिघळतील, मग माझ्याही हातात राहणार नाही."

घरी येईपर्यंत तिचं तोंड चालू होतं. "वेणी बघितलीत तिची? उंदराची शेपटी. ती आपल्याला केसांचं शिकवणार? आणि तुम्ही काय गप्प बसलात? लाज वाटते माझ्या तेलाची?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

दुकानात शिरताच तो कात्री पुसत बसला.

गोळ्या तिने दिल्या, अगदी वेळेवर. साध्या पाण्याने अंघोळही घातली. आणि इतके दिवस एकदा चोळायची ते तेल आता सकाळ-संध्याकाळ दोनदा चोळलं, कारण तेलबिल म्हणजे बाजारातलं. तिचं ते औषध. साहेब बाटली दिसली की बाकाखाली शिरायचा. नाटकी मेला, ती म्हणायची, अगदी मालकावर गेलाय. पण चोळताना तिची बोटं हळू व्हायची. याच तळहातावर तिने त्याला गटारातून उचलून आणलं होतं, तेव्हा तो साबणाच्या वडीएवढा होता.

आज साहेबाच्या खांद्यापाशी कातडी फुटलेली दिसली. बोटभर लांब, ओलसर भेग. तिने ताजं, कोमट तेल वाटीत घेतलं आणि बाहेर आली.

"धरा याला."

नवरा हेडमास्तरांच्या मानेवर वस्तरा फिरवत होता. साहेब त्याच्या पायांमागे जाऊन थरथरत उभा राहिला.

"अहो, धरा म्हणते ना. आज तीनदा लावते."

हेडमास्तर आरशात बघत होते. मग त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"धरणार नाही," नवरा म्हणाला.

अठरा वर्षांत तिला असा नकार त्याने पहिल्यांदाच दिला असावा, कारण त्यालाच तो नीट पेलला नाही. त्याने वस्तरा खाली ठेवला. वाकून साहेबाला उचललं, भेगेला धक्का न लावता छातीशी घेतलं.

"कुत्र्याचा कळवळा आता तुम्ही मला शिकवणार का?" ती म्हणाली. "औषध आहे ते."

"तुझ्या तेलानेच जातायत त्याचे केस," तो अगदी हळू म्हणाला. "माझेपण त्यानेच गेले."