गुलछबूचा लाल ठिपका

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला हसू येईल. हिरवा रंग उडालेला, थाळीला पोचा आलेला आणि काचेवर एक लाल ठिपका. मी एक जुना वजनकाटा आहे. बाकी कशावरही हसा, पण त्या ठिपक्यावर नको. तो माझा दागिना आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या सोन्याच्या पेढीवर मिरवीन. नशिबी आलं पाखरांच्या खाद्याचं दुकान! दुकानाच्या मावशी माझ्यावर बाजरी, राळे, सूर्यफुलाच्या बिया तोलायच्या. त्यांच्याकडची पिल्लंही माझ्याच थाळीत उभी राहायची. त्या इवल्या पायांची गुदगुली एकदा अनुभवली आणि सोनं मी पार विसरून गेलो.

अशाच एका नुकत्याच उडू लागलेल्या पाखरावर गल्लीतल्या शिंपीकाकांचा जीव जडला. राखाडी अंग, नारिंगी गाल आणि डोक्यावर ऐटबाज तुरा. काकांनी ते विकत घेतलं आणि तिथल्या तिथे त्याचं नाव ठेवलं गुलछबू. "मापाशिवाय आपण काही करत नाही," असं म्हणत त्यांनी मावशींची नेलपॉलिश मागून घेतली आणि गुलछबू थाळीत असताना काटा थांबला होता तिथे काचेवर ठिपका लावला.

पुढे दुकानात विजेवरचा नवा काटा आला आणि माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. शेजारी पिंजऱ्यांवर घालायची फाटकी कापडं, वर धूळ. खाली कुणी पाखरू आणलं की मी नुसता कान देऊन असायचो.

एका दुपारी शिंपीकाका गुलछबूला घेऊन आले. "मावशी, बघा कसा अंगानं भरलाय! नुसता गरगरीत! आता याला काहीतरी भारीतला खाऊ द्या."

मावशी पिंजऱ्याशी वाकल्या. गुलछबू पिसं फुलवून, डोळे अर्धवट मिटून बसला होता. प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी खालीवर होत होती.

"काका, हा भरलेला नाही. आजारी आहे. बरं नसलं की पाखरं अशी फुगून बसतात."

"काहीतरीच! गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्या कमरेचं माप मी नजरेनं सांगतो."

मावशींनी त्याला नव्या काट्यावर ठेवलं. काटा टूंकन वाजला, गुलछबू दचकून फडफडला आणि आकडे सैरावैरा नाचू लागले. शेवटी मावशी स्टुलावर चढल्या, मला खाली काढलं आणि फुंकर मारली. गुलछबूने मला निरखलं आणि आपणहून थाळीत चढला. माझा काटा ठिपक्याच्या कितीतरी अलीकडेच थांबला. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मला खोटं बोलावंसं वाटलं.

"जुना काटा. गंजला असेल," काका म्हणाले. पण आवाज उतरला होता. मावशींनी माझ्यावर खाद्याचा एक सीलबंद पुडा ठेवला. पुड्यावर छापलेलं वजन मी बरोबर दाखवलं. काका स्टुलावर बसले आणि त्यांनी पाकीट काढलं.

"मग ती समोरची लाल बाटली द्या. ताकदीच्या औषधाची. दोन द्या, हवं तर."

मावशींनी बाटली मागे सारली. "विकते मी ही, पण याला देणार नाही. याला काय झालंय ते मला कळत नाही, काका. ज्यांना कळतं त्यांच्याकडे जाऊ. माझी पाखरं मी तिथेच नेते. उठा." आणि भर दुपारी त्यांनी दुकानाचं शटर ओढलं.

डॉक्टरीणबाई फक्त पाखरंच तपासत. गुलछबूच्या पोटात संसर्ग झाला होता. त्यांनी औषध दिलं, उबेत ठेवायला सांगितलं आणि रोज सकाळी खाण्याआधी वजन करायला सांगितलं. परत आल्यावर मावशींनी मला काकांच्या पिशवीत ठेवलं.

तेव्हापासून मी शिलाई मशीनच्या शेजारी असतो. थाळी गार लागू नये म्हणून काका ती आधी तळहाताने चोळायचे आणि काटा हलू नये म्हणून श्वास रोखून धरायचे. एका सकाळी वजन आणखी उतरलं. त्या दिवशी त्यांच्या हातून एक टाका पडला नाही. पुढे मात्र काटा रेघेरेघेने सरकू लागला आणि एके दिवशी ठिपक्याला टेकला. काकांनी मावशींना फोन लावला. "मावशी, माप बसलं!" गुलछबूने त्याच आनंदात माझी थाळी घाण केली. काकांनी ती हसत पुसली तेव्हा काटा केसभर मागे आला, पण कुणाचीच तक्रार नव्हती.

म्हणून सांगतो, मित्रांनो, पाखरू आपलं दुखणं लपवतं. गुबगुबीत दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. मागाल ते काढून देणारी दुकानं पुष्कळ भेटतील. तुम्ही मात्र 'मला कळत नाही' म्हणणारं आणि पुढची वाट दाखवणारं माणूस शोधा. आणि तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा जुना काटा फळीवर पडला असेल, तर त्याला खाली काढा. एक फुंकर मारली की आम्ही अजून खरं बोलतो.