माझे हात, माझी सवत

माणूस माणसावर जळतं, हे जगाला ठाऊक आहे. मी दोन हातांवर जळले. नुसते हात, मनगटापर्यंतचे. त्यांना ना चेहरा, ना आवाज. आणि अशी जळले की घास गिळवेना.

आमच्या नोर्यांगजिन वस्तीत सगळे परीक्षावाले. सरकारी नोकरीची परीक्षा, तीही सगळ्यात खालची नववी श्रेणी, आणि तिच्यासाठी ही झुंबड. प्रत्येकाची तीन पावलांची खोली. भिंती इतक्या पातळ की जोरात शिंकलं तरी शेजारीण दारावर चिठ्ठी चिकटवून जाते, "आवाज कमी करा." दिवस दिवस तोंडातून शब्द निघत नाही. म्हणून इथे जेवणापुरती सोबत शोधायची पद्धत आहे. जाहिरात टाकायची. संध्याकाळी सहा, फक्त जेवण, अभ्यासाचं बोलायचं नाही, घरचं विचारायचं नाही. वीस मिनिटं समोरासमोर जेवायचं आणि आपापल्या बिळात परत.

सो-दाम मला अशीच मिळाली. ती सव्वीसची, मी चौतीसची. ती पहिल्याच फटक्यात तोंडी परीक्षेपर्यंत पोचली आणि तिथे थोडक्यात राहिली. मी चार वेळा बसले आणि चारही वेळा लेखीतच आपटले. तीन महिने आम्ही एकमेकींचं नावसुद्धा विचारलं नाही. मग एकदा सूप तिच्या मांडीवर सांडलं, मी "अगं बाई!" म्हणून ओरडले, ती हसली, आणि तेव्हापासून मी तिची यू-रान ताई झाले. अकरा महिने. दिवसभरात माझं नाव घेणारं ते एकच माणूस होतं. तिला हे मी कधी सांगितलं नाही. सांगायचं कसलं असतं त्यात?

आणि मग जानेवारीत एकदा जेवताना या बाईसाहेबांनी पाण्याच्या जगला टेकवून फोन उभा केला.

"काय गं, कोण आहे ती?" मी विचारलं.

"कुणी नाही, ताई. हात आहेत."

असले हात इथे पैशाला पासरी. फोन वर टांगायचा, टेबलावर रोखायचा, थेट प्रक्षेपण चालू करायचं आणि अभ्यासाला बसायचं. बघणाऱ्यांना दिसतात दोन हात, वही आणि घड्याळ. चेहरा दाखवायचा नाही, हा सगळ्यांनी पाळलेला नियम. एकाचा अभ्यास बघून दुसऱ्याला हुरूप येतो म्हणे.

"पहाटे पाचला बसते ती," सो-दाम म्हणाली. "तिला लिहिताना बघितलं ना, की मलाही वही उघडावीशी वाटते."

"आणि माझे हात काय लोणच्यात घातलेत?"

"तू पण ना, ताई!" असं म्हणून ती हसली, पण मान काही वर केली नाही. आमच्या खानावळीच्या ताटात खारवलेली पानं असतात, एकाला एक चिकटलेली. मी वरचं पान उचलायला लागले की ती आपल्या जेवायच्या काडीने खालचं दाबून धरायची, न सांगता. त्या दिवशी धरलं नाही. तीन पानं एकदम माझ्या काड्यांना आली आणि मी तशीच तोंडात कोंबली. मिठाने जीभ सोलवटली. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

खोलीवर येऊन मी ते हात शोधून काढले. चार हजार लोक बघत होते. गोरे, लांबसडक, नखं कापलेली. मी दोन तास त्यांच्यात खोट शोधली. अक्षर बरं होतं. बसणं ताठ असावं. मेलीला खाजसुद्धा येत नव्हती.

ठीक आहे, म्हटलं. हातच हवेत ना तुला? हात देते.

जुना फोन फळीला बांधला. दिवा तिरका लावला. अंगठी काढली, सदरा ओळखू येऊ नये म्हणून वरून करड्या सुट्या बाह्या चढवल्या आणि नाव ठेवलं 'भिंतीपलीकडची'. दुसऱ्या दिवशी जेवताना सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आमच्या मजल्यावरच्या पोरी एका नव्या हातांचं कौतुक करत होत्या बाई. बघ एकदा."

ती बघायला लागली. आठवड्याभरात ते लांबसडक हात अडगळीत गेले. जगला टेकलेल्या फोनवर आता मी होते, म्हणजे आदल्या दिवशीच्या प्रक्षेपणातली मी. "ताई, काय बसते गं ही!" असं ती म्हणाली की माझ्या छातीत ढोल वाजायचे. आणि गंमत बघा, मी खरंच बसायला लागले. चार वर्षांत जे शिकवणीला जमलं नाही, आईच्या रडण्याला जमलं नाही, ते त्या कार्टीच्या दोन डोळ्यांनी केलं. ती बघतेय म्हटल्यावर पेन खाली ठेवायची लाज वाटायची. सराव परीक्षेत माझे गुण इतके वाढले की मी तपासलेली उत्तरं पुन्हा तपासली.

हे सुख दहा दिवस टिकलं.

अकराव्या दिवशी ती मुळ्याचं लोणचं चघळत म्हणाली, "ताई, रागावू नकोस हं. पण तिच्यासारखी चिकाटी तुझ्यात असती ना, तर तू कधीच पास झाली असतीस."

"कुणासारखी?"

"'भिंतीपलीकडची'सारखी."

आता बोला! हेच हात अकरा महिने तिच्या ताटात मुळ्याचं लोणचं वाढत होते. बोटं तीच, नखं तीच, मधल्या बोटावरचा पेनाचा घट्टाही तोच. काचेत गेल्यावर पूजा, आणि समोर असले की ओळखसुद्धा नाही? "हो का?" एवढंच मी म्हणाले आणि उरलेला भात पटापट संपवला. त्या रात्री मी माझ्याच हातांकडे असं बघितलं, जसं नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोकडे बघावं.

पुढचं तर त्याहून वाईट. ती मला लिहायला लागली. मला म्हणजे त्यांना. हातांच्या शेजारी बघणाऱ्यांचे निरोप येतात, ते मी लॅपटॉपवर वाचायचे. तिचं तिथलं नाव 'उकडलं रताळं', मला तिनेच कौतुकाने दाखवलेलं. रताळ्याने लिहिलं, "आज बाबांनी फोन उचलला नाही. तीन महिने झाले." रताळ्याने लिहिलं, "कधी कधी जिन्यात बसून रडते. खोलीत रडलं की आवाज जातो."

अकरा महिने मी समोर बसले होते. "कशी आहेस?" विचारलं की, "मजेत, ताई." "आज काय विशेष?" विचारलं की, "सूप छान झालंय, ताई." आणि या दोन मुक्या हातांना सगळं! मला काय काटे होते? मी वहीवर इतक्या जोरात लिहीत होते की कागद फाटला. रताळ्याने लगेच लिहिलं, "वा, काय जोर आहे!"

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिचा मला फोनवर निरोप आला. "ताई, आजपासून जेवायला येत नाही. अभ्यास साचलाय. माफ कर हं." आणि पाचच मिनिटांनी हातांना निरोप. "एक विनंती आहे. संध्याकाळी सहाला उठू नका ना. मी तुमच्यासमोर बसून जेवेन. एकटं वाटणार नाही."

म्हणजे मला सोडून ती माझ्याबरोबर जेवणार होती. आणि मी काय केलं? बसले! न बसून सांगते कुणाला? मी उठले असते तर ती दुसरे हात शोधायला गेली असती. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. बरोबर सहाला खाली गल्लीतून खानावळीच्या सूपचा वास वर यायचा आणि माझ्या पोटात कावळे ओरडायचे. मी पेन धरून बसलेली, आणि शेजारी तिचे निरोप. "आज दुकानातला त्रिकोणी भात." "आज पण त्रिकोणी भात." गल्लीच्या त्या टोकाला ती गार भात खातेय, या टोकाला मी उपाशी, आणि मधल्या खानावळीत आमचं टेबल रिकामं. चौथ्या दिवशी दुपारी मावशी रस्त्यात भेटली, खानावळीची. "काय गं, भांडलात का दोघी?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आम्ही? छे! रोज भेटतो." तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ताप आहे.

सहाव्या दिवशी, सहाला पाच मिनिटं असताना, रताळ्याने लांबलचक लिहिलं.

"तुम्हाला एक सांगते. माझा अभ्यास संपलाय. सहा दिवसांपूर्वी पत्र आलं. मागच्या निवडीतल्या कुणीतरी नोकरी नाकारली, त्या जागेवर माझं नाव लागलं. मी पास झाले. तरी रोज इथे येते, कारण खानावळीत जायचं धाडस होत नाही. तिथे माझी एक ताई आहे. गेल्या वर्षी एक मुलगी पास झाल्याची तांदळाची मिठाई वाटत होती, तर ताई म्हणाली, साखर कमी पडलीय. दुसऱ्याचं बरं झालं की तिचा चेहरा पडतो. तो मला बघवत नाही. मला ती फार आवडते हो. आणि घरचं रडगाणंही कधी सांगितलं नाही तिला, तिचं तिलाच जड असतं. तुम्हाला चेहराच नाही, म्हणून सगळं सांगता येतं."

खरं सांगू? पास झाली! दुसऱ्या वर्षी, सव्विसाव्या वर्षी, दुसऱ्याने टाकलेल्या जागेवर! मी चार वर्षं हाडं झिजवतेय आणि हिला घरबसल्या पत्र! आधी हेच मनात आलं. बाबांचं, जिन्याचं, सगळं मागाहून आठवलं. आणि त्याहून मागाहून कळलं की तिने जे लिहिलं ते शब्दन्‌शब्द खरं होतं, कारण लॅपटॉपच्या काळ्या कडेत मला माझा चेहरा दिसत होता आणि तो पडलेला होता.

हात थांबले होते. अडतीस जण बघत होते. कुणीतरी लिहिलं, "झोपली की काय?" रताळ्याने लिहिलं, "माझ्यामुळे तुमचा अभ्यास मोडला का? चुकलं माझं."

वहीवर मोठ्या अक्षरात 'अभिनंदन' लिहून मोकळं होता आलं असतं. छान दिसलं असतं. हातांना काय, ते काहीही लिहितात. मग ती एक दिवस निघून गेली असती, आणि जन्मभर दोन हातांची आठवण काढत बसली असती. माझी नाही.

मी फोन फळीवरून ओढून काढला आणि तोंडासमोर धरला.

"सो-दाम," मी म्हणाले. शेजारणीने भिंतीवर थाप मारली. मी मोठ्याने बोलले. "कार्टे, मी आहे. बघून घे नीट. पडलाय चेहरा. चांगला गुडघ्यापर्यंत पडलाय. जळतेय मी तुझ्यावर. खोटं नाही बोलत. पण सहा वाजलेत आणि मी सहा दिवस उपाशी आहे तुझ्यापायी. गप खाली ये जेवायला."

लॅपटॉपवर धो धो निरोप आले. कुणी हसलं, कुणी नियम मोडला म्हणून शिव्या घातल्या. मी सगळं बंद केलं आणि बाह्या न काढताच खाली उतरले.

खानावळीत आमच्या टेबलावर बसले. सहा वीस झाले. साडेसहा. मावशी दोनदा येऊन बघून गेली. येणार नाही ती, म्हटलं. का यावं? चार लोकांत तिचं नाव फोडलं मी, वर जळतेय म्हणून ओरडले. सूप गार व्हायला लागलं तशी माझी खरंच पाचावर धारण बसली. परीक्षेच्या निकालाच्या दिवशीसुद्धा असं झालं नव्हतं.

पावणेसातला ती आली. घरातल्या चपलांवर, डोळे सुजलेले. समोर उभी राहून तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या हातांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे.

"इतके दिवस तूच?"

"मीच."

"मला ओळखू आलं नाही, ताई."

"ते मी मेले तरी विसरणार नाही. बस."

ती बसली. मावशीने न विचारता तिचं ताट वाढलं.

"बाबांना कळवलंस?" मी विचारलं.

"कळवलं. 'बरं' म्हणाले. एवढंच." तिने नाक पुसलं. "पण फोन उचलला."

"जागा कुठे मिळाली?"

"गांगनुंग." ती जरा घुटमळली. "कार्यालय समुद्राजवळ आहे."

"खिडकीतून दिसतो?"

"दिसतो म्हणे."

"मर मेले!" मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. तीही रडायला लागली. शेजारच्या टेबलावरचा माणूस ताट घेऊन पलीकडे जाऊन बसला.

"अभिनंदन म्हण ना, ताई."

"आज नाही निघत तोंडातून."

"शनिवारी जाते मी."

"मग तीन दिवस आहेत. बघू. उद्या सहाला ये."

ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. दोन्ही दिवशी तिने माझ्या तोंडाकडे आशेने बघितलं आणि दोन्ही दिवशी मी भात चघळत राहिले. शनिवारी मी तिची एक पिशवी उचलून बसथांब्यावर गेले. ती आत बसली, बस हलली, तेव्हा कुठे ते माझ्या घशातून सुटलं.

"अभिनंदन!" मी बसच्या बरोबर चालत ओरडले. "अर्धं मनापासून आहे!"

तिने खिडकी सरकवून डोकं बाहेर काढलं. "अर्धं पुरे, ताई!"