इश्वरचा प्रोसेसर

"पोट्ट्या, खोटं बोलू नोको! थो इश्वरच बंद करते कॉम्प्युटर!" माय वरडली.

इश्वर माहा मोठा भाऊ. एकेक पार्ट आणून त्यानंच हा डबा जोडला अन् मागच्या उन्हाळ्यात मेला. तवापासून मायनं त्याचा फोटो उघडला का पाच मिनिटात डबा बंद. म्या रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, तरी तेच. आज तुमसरहून दुसरा प्रोसेसर आणून लावला. अर्धा तास झाला, फोटो सुरूच.

"पाह्य, प्रोसेसरच खराब होता."

"म्हणजे थो येतच नव्हता?" माय रडाले लागली.

चिडून म्या जुनाच प्रोसेसर परत बसवला. पाच मिनिटात डबा बंद. माय हासली. काळ्या पडद्यात आमच्या दोघांच्या मांगं तिसरा कोणी उभा दिसला.

माय पुन्हा फोटो उघडाले हाक मारते, मले आता जा लागते.