सारजाबाईंचे माप

मित्रांनो, माझ्या अंगावरचे आकडे आता नीट वाचता येत नाहीत. अठ्ठावीसपासून चाळीसपर्यंत सर्वांत जास्त बोटे फिरली, म्हणून तेच आधी पुसट झाले. मी शिवणकामाची मोजपट्टी. खुटबावच्या बायका मला टेप म्हणतात. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. समजू लागले तेव्हा मी केडगावच्या बाजारात दोऱ्यांच्या रिळांशेजारी गुंडाळून पडले होते, आणि हिरवा चुडा भरलेल्या एका हाताने मला उचलले. तो हात सारजाबाईंचा.

सारजाबाई माहेरी शिवण शिकून आल्या होत्या. त्यांचे यजमान आनंदराव यांनी त्यांना मशीन घेऊन दिली. शेतातले काम आटोपले की दुपारी सारजाबाई मला गळ्यात अडकवत आणि मशीनवर बसत. पाहता पाहता आम्ही दोघींनी सारे गाव मोजले. नव्या नवऱ्या, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, सगळ्याजणी आमच्याकडे येत. माप घेताना सारजाबाई समोरच्या बाईला काहीबाही विचारून बोलती करायच्या. बोलता बोलता बाई अंग सैल सोडते आणि माप खरे येते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या हातचा ब्लाऊज दंडाला काचत नाही, असे बायका पार वाखारी गावापर्यंत सांगत. ते ऐकून मलाही बरे वाटे.

पण मित्रांनो, त्या एवढ्या वर्षांत सारजाबाईंनी स्वतःचे माप कधी घेतले नाही. स्वतःचा ब्लाऊज त्या जुन्या ब्लाऊजवरून बेतायच्या. आणि ब्लाऊजच्या आतला जो कपडा, ज्याला तुम्ही ब्रा म्हणता आणि त्यांच्या पिढीच्या बायका बॉडी म्हणतात, तो तर नुसता नंबर सांगून घ्यायचा. लग्नानंतर बाजारातल्या एका गाडीवाल्याने त्यांच्याकडे एक नजर टाकली, "अडतीस" म्हणाला आणि कागदात गुंडाळून दिले. तेव्हापासून त्या "अडतीस द्या" एवढेच बोलत. दोन बाळंतपणे झाली, अंग भरले, पुन्हा उतरले, नंबर तोच राहिला. मागची पट्टी सैल पडून पाठीवर चढायची आणि सगळा भार खांद्यांवर यायचा. खांद्यांवर दोन खोल वळ पडले होते. मी त्यांच्या गळ्यातच असल्यामुळे ते मला रोज दिसत. त्यांना मात्र बाईच्या जातीला हे असायचेच, असे वाटे.

मग एका वर्षी त्यांच्या डाव्या छातीत गाठ आली. कांदे निघेपर्यंत त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. अखेर त्यांची सून मोनाली, जी कुरकुंभच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते, तिने आंघोळीनंतर त्यांना तिथे हात दाबून बसलेले पाहिले आणि हट्टाने पुण्याला नेले. ऑपरेशन झाले. जीव वाचला, पण डावी बाजू काढावी लागली. घरी आल्यावर सारजाबाईंनी मशीनवर चादर टाकली आणि मला खणात ठेवून दिले. पुढचे किती महिने मी त्या खणात बॉबिनांच्या सोबतीने काढले, ते माझे मलाच ठाऊक.

त्याच काळात त्यांची लेक अपेक्षा हिला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण आईची औषधे चालू, म्हणून ते सासरी, राहू गावीच झाले. मुलगी झाली. सारजाबाईंना नात फोनवरच दिसली. हा सल त्यांच्या मनात फार होता.

औषधे संपली, केस पुन्हा आले. मग शेजारच्या घरी हळद होती म्हणून त्या बाहेर पडल्या. जुन्या अडतीस नंबरच्या बॉडीत डाव्या बाजूला त्यांनी मऊ धडपे कोंबून बसवले होते. नवरदेवाच्या डोक्यावर पाणी ओतायला त्यांनी हात वर केले, तशी ती सैल बॉडी वर सरकली आणि कापडाचा बोळा पार गळ्याशी आला. बायकांनी नजर फिरवली. एक पोरगी फिसकन हसली. सारजाबाई पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन घरी आल्या आणि त्यानंतर उंबऱ्याबाहेर पडेनात. चालताना त्या डावीकडे वाकू लागल्या.

तेवढ्यात राहूहून, आजीसाठी लांबणीवर टाकलेल्या बारशाचे बोलावणे आले. सारजाबाईंनी सांगितले, सगळ्यांनी जा, म्हशीजवळ कुणीतरी लागतेच. मोनालीने मात्र सुट्टीच्या दिवशी ती जुनी बॉडी पिशवीत घातली आणि दौंड गाठले. तिथे गौतमीताईंचे बायकांच्या कपड्यांचे दुकान आहे. दुकानात सगळ्या बायकाच असतात, म्हणून मोकळेपणाने बोलता येते. मोनालीने सगळी हकिगत सांगितली आणि अडतीस नंबर मागितला. गौतमीताईंनी ती बॉडी हातात घेतली, सैल पट्टी ताणून पाहिली आणि म्हणाल्या, "हा नंबर या कपड्याचा झाला. मला तुमच्या सासूबाईंचा पाहिजे."

मग त्यांनी माप कसे घ्यायचे ते समजावून दिले. घरी येऊन मोनालीने खण उघडला आणि मला बाहेर काढले. उजेडाने मी दिपून गेले.

सारजाबाई आधी हसण्यावारी नेऊ लागल्या. मग म्हणाल्या, "साऱ्या गावाला मापलं मी. आन् आता माझ्यात काय राह्यलंय मापायला?"

मोनालीने माझी गुंडाळी सोडली. मग म्हणाली, "उजवी बाजू हाय की, आत्या. आन् डाव्या बाजूला बी तुम्हीच हाये."

सारजाबाईंनी मला तिच्या हातातून घेतले आणि आतल्या खोलीचे दार लावून त्या कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहिल्या. पण डावा हात मागे जाईना. मी दोनदा पाठीवरून निसटून खाली पडले. तिसऱ्यांदा पडले तेव्हा त्यांनी मला उचलले नाही. दार किलकिले करून त्यांनी हाक मारली, "मोने, ये गं आत."

मोनाली मागे उभी राहिली. सारजाबाईंचे अंग ताठ झाले होते, डोळे मिटलेले. मोनालीने घाई केली नाही. तिने विचारले, अपेक्षाताई जन्मल्या तेव्हा कशा होत्या? सारजाबाई सांगू लागल्या. एवढीशी होती, सुपात मावेल एवढी, पण रडायला लागली की तिकडल्या आळीला ऐकू जायचं. सांगता सांगता त्यांचे खांदे उतरले, श्वास सुटला. तेवढ्यात मोनालीने मला छातीच्या खालून, बरोब्बर त्या घडीत, पुढे-मागे एका रेषेत फिरवले. अंगाला लागून, पण न काचता. चौतीस भरले.

नंतरचे माप छातीवरून घ्यायचे होते. एरवी मला सर्वांत भरल्या भागावरून सैलसर पूर्ण फिरवतात. पण गौतमीताईंनी वेगळे सांगितले होते. छातीच्या मधल्या हाडापासून उजवीकडून पाठीच्या मणक्यापर्यंत मोजायचे आणि दुप्पट करायचे. साडेअठरा आले, म्हणजे सदतीस. छातीखालच्या मापापेक्षा तीन इंच जास्त. एका इंचाला ए, दोनाला बी, तिनाला सी. सारजाबाईंचे माप चौतीस सी.

मला गुंडाळताना मोनालीचा हात डावीकडच्या व्रणाला लागला. तिने तो झटकन काढला नाही. तळवा तसाच तिथे टेकवून ठेवला. सारजाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आले, पण त्या बाजूला झाल्या नाहीत.

"चौतीस," त्या म्हणाल्या. "आन् मी इतकी वर्सं अडतीस घालून फिरले."

मोनालीने रुंद पट्टीची सुती बॉडी आणली. सारजाबाईंनी मशीनवरची चादर काढली आणि डाव्या बाजूला आतून मऊ कापडाचा खिसा शिवला. त्यात घालायला एक छोटी उशी केली. वजन उजव्या बाजूइतके व्हावे म्हणून तिच्यात मोहरी भरायची, असे गौतमीताईंनी सुचवले होते. सारजाबाई म्हणाल्या, "फोडणीचं सामान आता अंगाला बांधायचं व्हय?" आणि स्वतःच हसल्या. त्या घरात ते हसू फार दिवसांनी आले. दोघींनी चमच्याचमच्याने मोहरी घालत, काढत, तोलून पाहिले. मग सारजाबाईंनी बॉडी घातली. शेवटच्या, सर्वांत सैल हुकावर ती नीट बसली. पट्टीखाली दोन बोटे जात होती. त्यांनी दोन्ही हात जेवढे जातील तेवढे वर केले. काहीच सरकले नाही.

बराच वेळ त्या आरशासमोर सरळ उभ्या होत्या. "खांद्यावर वझं हुतं ह्ये मला आत्ता कळतंय," त्या हळूच म्हणाल्या.

राहूला बारशाला सारजाबाई गेल्या. मी मोनालीच्या पर्समध्ये होते. पाळणा झाला, नाव ठेवले, बायका पंगतीला गेल्या. आतल्या खोलीत अपेक्षाने बाळ आईपुढे केले, पण मध्येच थांबली. तिला कळेना, कुठल्या बाजूला द्यावे. सारजाबाईंनी डावा हात पुढे केला.

"दे हिकडं," त्या म्हणाल्या. "हिकडं बी झोपंल ती."

बाळाने डाव्या बाजूला गाल टेकवला, थोडी चुळबुळ केली आणि झोपी गेले. अपेक्षा आईच्या गळ्यात पडून रडली. तिला कवेत घेताना सारजाबाईंना तिच्या खांद्यांवरचे लाल वळ दिसले. दूध आल्यावर अंग भरले होते, पण कपडे लग्नाआधीच्या मापाचेच होते. त्यांनी मोनालीकडे पाहिले आणि विचारले, "टेप आणलीया का?"

मोनालीने मला बाहेर काढले. बाळाला खांद्यावर घेऊन सारजाबाई बाजूला उभ्या राहून सांगत होत्या, आवळू नको, मागं वर चढलीय बघ, तिला बोलू दे जरा.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले. जुनी टेप ताणली जाते आणि खोटे माप सांगते, म्हणून माझ्या जागी नवी आणा, त्याचे मला वाईट वाटणार नाही. माझी विनंती एवढीच. अंग बदलत असते, तेव्हा मैत्रिणींनो, कुणीतरी नजरेने ठरवून दिलेला नंबर जन्मभर वागवू नका. हाताला काही वेगळे लागले तर कांदे निघायची वाट पाहू नका, त्याच दिवशी बोला. आणि तुमच्या घरात सगळ्यांचे सगळे मापात बसवणारी जी बाई असेल, तिला कामातून जरा उठवा. तिलाही कुणीतरी म्हणावे लागते, "उभी राहा नीट, बघू दे मला."